श्वास सोडून बुडणारे

मामा, तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. तू कशानं गेलास हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मला नाही.

आई म्हणते, हार्ट. बाबा म्हणतात, हार्ट. तेराव्याला जेवायला आलेले विजयनगरचे शेजारी हात धुताना एकमेकांना हार्टच म्हणत होते, आणि त्यातल्या दोघांनी तुला कधी पाहिलंही नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर तोच शब्द लिहिला. छप्पन्न वर्षांचा माणूस विहिरीतून वर आला, काठावर बसला आणि आडवा झाला. एवढं ऐकून दुसरं कोण काय लिहिणार? पण तुला तिथे नेलं तेव्हा तुझ्या छातीत ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग त्यांनी काय ऐकून लिहिलं? तो कागद मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला.

तू असतास तर म्हणाला असतास, "आली बघ आमची सीआयडी."

हे नाव तू मला म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या तुझ्या खोलीत दिलंस. मी नऊ वर्षांची असेन. रविवार होता. मटणाच्या पुडक्यात खाटकानं बोकडाचं फुप्फुसही घातलं होतं, आणि ते शिजवायच्या आधी तू मला पाण्याच्या बादलीपाशी बसवलंस. काळजाचा तुकडा टाकलास, तो तळाला गेला. फुप्फुसाचा टाकलास, तो तरंगला. बोटानं दाबून खाली नेलास, सोडल्यावर परत वर. "नोडु, बघ, आत वारा आहे," तू म्हणालास. मला वाटलं, तू मुद्दाम हलका तुकडा निवडलास. मी सुरी मागून घेतली आणि फुप्फुसाच्या मधोमधचा तुकडा कापून टाकला. तरंगला. मग काळजाचा त्याच्या निम्म्याएवढा तुकडा टाकला. बुडाला. तोवर तू भिंतीला टेकून हसत होतास. इंग्लिश शाळेत हेच शिकवतात काय, मामावर डौट घ्यायला?

शाळेत मी कोणाशी बोलत नव्हते. घरीही जेवढ्यास तेवढं. माझ्या प्रश्नांत पहिल्यापासून एक अविश्वास असायचा आणि तो ऐकून माणसं दुखावली जायची, म्हणून मी प्रश्न विचारणंच सोडलं होतं. तू दुखावला जात नव्हतास. तुला उलट मजा वाटायची. मला कोणीतरी खोटं सिद्ध करू दे, असा एक चेहरा तू करून बसायचास. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत.

तुझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर, पण सुट्टीच्या दिवशी तू विहिरींचा. कोणाची घागर पडली, कोणाच्या पंपाच्या पाइपाचा खालच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला, की सायकलवरून निरोप यायचा. आपल्या घराण्यात पूर्वी घोड्यावरचे शिपाई होते, हे आई अजून पाहुण्यांना सांगते. तू म्हणायचास, घोडे गेले, आता बेडकाची नोकरी. कधी पोलिसांचं बोलावणं यायचं. त्या दिवशी तू मला नेत नसायचास, आणि परत आल्यावर बराच वेळ नळाखाली बसून राहायचास.

विहिरीवरची तुझी पद्धत मला पाठ होती. एक जाड दोर तुझ्या कमरेला, त्याचं दुसरं टोक तुझ्या जोडीदाराच्या, सिद्दप्पांच्या हातात. आजीचा गुंडुकल्लु, म्हणजे इडलीचं पीठ वाटायचा तो लांबोळा दगड, पोटाशी धरून तू उतरायचास, कारण छाती भरलेली असली की पाणी माणसाला वर ढकलतं. दगडाला वेगळी बारीक दोरी, ती नंतर ओढून घ्यायची. आणि घड्याळ नाही. घड्याळाच्या जागी सिद्दप्पा.

ही रीत मी दुसऱ्या कुठेही ऐकली नाही. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून एकदमच छाती भरायचात. तू पाण्यात, ते काठावर, दोघांचे श्वास बंद. सिद्दप्पांना सोसेनासं झालं की त्यांनी दोर ओढायचा. तुझ्या वडिलांनी तुला असंच शिकवलेलं. तू सांगायचास, काठावरचा माणूस गप्पा मारतो, आकडे चुकतो, कावळा बघत बसतो. ज्याचा स्वतःचा जीव गुदमरतोय तो खालच्याला विसरत नाही.

बारा वर्षांची असताना मी सिद्दप्पांच्या समोर उभी राहून त्यांच्या पोटाकडे टक लावून पाहिलं होतं. चोरून श्वास घेतात की काय ते बघायला. पोट हललं नाही. तरी माझं समाधान झालं नाही, आणि परतताना सायकलच्या कॅरिअरवरून मी तुला म्हटलं, ह्या रीतीत चूक आहे. सिद्दप्पा स्वस्थ बसलेले असतात, तू खाली हातपाय मारतोस. तुझा श्वास आधी संपणार. त्यांना सोसेनासं होईपर्यंत तू मेलेला असशील.

तू पेडल मारणं थांबवलंस. "बरोबर," तू म्हणालास. "म्हणून तर बिडीवाला ठेवलाय."

मी तुझ्याकडून एवढं काही ऐकलं, पण ह्याच्यापेक्षा शहाणं काही आठवत नाही. सिद्दप्पांची छाती बिडीनं अर्धी झालेली. त्यांचं अर्धं आणि तुझं पुरं, हिशेब जुळत होता.

तुझं म्हणणं, तू तीन मिनिटं खाली राहतोस. मी वाढदिवसाच्या घड्याळावर मोजलं तर एक मिनिट चाळीस सेकंद. तू घड्याळ हातात घेऊन कानाला लावलंस आणि म्हणालास, हे इंग्लिश मीडियमचं घड्याळ आहे, ह्याला आपले मिनिट कुठले समजणार. हे भांडण आपलं कधी मिटलं नाही.

आता त्या दुपारीबद्दल लिहायला हवं. इतके दिवस मी तिच्या आजूबाजूनं फिरतेय.

एमएस्सीच्या वर्गात मला सेमिनार द्यायचा होता. विषय मीच घेतला होता, सीलसारख्या खोल बुडणाऱ्या समुद्री सस्तन प्राण्यांची फुप्फुसं. विषयाची भीती नव्हती, तीस जणांपुढे उभं राहायची होती. तू म्हणालास, आधी मला सांग, मी एकटाच तीस जणांएवढे प्रश्न विचारीन. म्हणून मी पारदर्शक शीट घेऊन तुझ्या खोलीत आले. प्रोजेक्टर नव्हता. एकेक शीट तुझ्या खिडकीच्या काचेवर धरून मी बोलत गेले, आणि माझ्या रेघांच्या सीलमधून मागची मिरच्यांची दुकानं दिसत होती.

मी सांगितलं, की सील बुडण्याआधी श्वास सोडून देतो.

"सोडतो?"

सोडतो. मग खाली गेल्यावर पाण्याचं ओझं छातीवर येतं, दर तेहतीस फुटांना डोक्यावरच्या सगळ्या हवेएवढं आणखी एक. सीलच्या फासळ्या सैल असतात, त्या मिटतात. फुप्फुसातले बारीक वायुकोश, जिथून हवा रक्तात जाते, ते सगळ्यांत आधी मिटतात. उरलीसुरली हवा नळ्यांमध्ये ढकलली जाते, आणि त्या नळ्यांना अगदी टोकापर्यंत कूर्चेचा आधार असतो, म्हणून त्या चेपत नाहीत. नळीतली हवा रक्तात शिरत नाही. नायट्रोजन रक्तात गेलाच नाही तर भराभर वर येताना त्याचे बुडबुडे होणार कुठून? आणि वर आला की मिटलेले वायुकोश पुन्हा उघडतात. आतून एक तेलकट थर असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत.

"मग खाली खातो काय?" तू विचारलंस. तुझ्या भाषेत श्वास खायची गोष्ट होती.

रक्तातलं, मी म्हटलं. त्याला रक्त जास्त, आणि मांसातही प्राणवायू साठवलेला. म्हणून मांस इतकं गडद, की काळंच दिसतं. हृदयाचे ठोकेही तो कमी करतो. छातीचं कोठार त्याला लागतच नाही.

"काळं मांस. शिजायला वेळ लागत असेल."

मग तू उठलास. खिडकीशी येऊन तू शीटवर बोट ठेवलंस, छातीच्या जागी. तू म्हणालास, तीस वर्षं मी छाती भरून पाण्याशी भांडतोय. पहिले दहा फूट दगड नसेल तर उतरता येत नाही. आणि हा लेकाचा हवा सोडून देतो आणि दगडासारखा खाली जातो. त्याला गुंडुकल्लु लागत नाही. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याबद्दल तुला माहीत नसलेलं काही मी तुला सांगितलं होतं.

तू विचारलंस, "माणसाला जमेल काय हे?"

आणि मी म्हणाले, "आपणही सस्तनच ना, मामा."

सस्तन म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. पिलांना दूध पाजणारे. तू म्हणालास, मग तुझी आई सस्तन, मी कुठला, मी कोणाला पाजलंय? आपण दोघंही हसलो. खालून कोणीतरी तुला हाक मारली आणि तू गेलास.

मला उत्तर माहीत होतं. तेच लिहायचं आहे. माणसाच्या फासळ्या तशा मिटत नाहीत. आपण श्वास सोडला तरी छाती एका मर्यादेपर्यंतच लहान होते, आणि त्याखाली पाण्यानं आणखी चेपलं तर तिथे रिकामी राहू पाहणारी जागा रक्त ओढून घेते. बारीक रक्तवाहिन्या फुटतात. शिवाय आपला निम्माशिम्मा प्राणवायू छातीतच असतो, तो आपण वर सोडून जाणार. हे सगळं मी वाचलं होतं, वहीत लिहिलं होतं. त्याची शीट केली नव्हती, कारण मॅडमनी बाराच शीट सांगितल्या होत्या आणि ही तेरावी झाली असती. पण तोंडानं सांगायला शीट लागत नव्हती. मी सांगितलं नाही, कारण तू खूश होतास. आणि तुला शिकवणारी मी होते, ते मला फार आवडलं होतं.

जाताना दारातून तू मला एक गोष्ट सांगितलीस. भीती वाटली की माणूस श्वास भरून धरतो आणि आवाज अडकतो. "तुझ्या त्या प्राण्यासारखं कर. आधी सोड, मग बोल." मी तसं केलं, मामा. वर्गापुढे उभी राहिले, सगळी हवा सोडली आणि बोलले. आवाज कापला नाही. मॅडमनी शेवटी नुसतं छान म्हटलं. तुला सांगायला धावत आले तर खोलीला कुलूप होतं. नंतर दोनदा भेटलास, पण तुझ्या बोलण्यात सील आला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. तू विसरणाऱ्यातला नव्हतास.

तीन आठवड्यांनी बेट्टदपुरच्या अलीकडच्या एका शेतातून निरोप आला. चाळीस फुटांची विहीर, तळाशी फुटव्हॉल्व्ह अडकलेला. तू आणि सिद्दप्पा पहिल्या बसनं गेलात. दुपारी फोन आला.

बाबा तुला आणायला गेले होते. आल्यावर बोलता बोलता ते म्हणाले, तोंडाशी थोडा लालसर फेस होता. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुढे बोलले नाहीत. मी त्याच रात्री पुस्तकं काढली. असा फेस हार्टनंही येतो. छाती चेपली गेली तरीही येतो. पुस्तकानं माझ्या पदरात काहीच टाकलं नाही.

मग मी एकेकाला विचारत सुटले. आईला विचारलं, सिद्दप्पा तुझ्याशी काय बोलले? ती म्हणाली, सुम्ने, गप बस, गेलेल्या माणसाला त्रास देऊ नकोस. मला वाटलं, हिला काही माहीत आहे. बाबांना विचारलं, त्यांनी वर्तमानपत्र वर केलं. मला वाटलं, ह्यांनाही. तेराव्याला सिद्दप्पा आले, अंगणातच पान वाढून घेतलं, माझ्याकडे न बघता जेवले आणि निघून गेले. लहानपणापासून जो माणूस मला बघितल्याबरोबर पुट्टम्मा, छकुली, म्हणून हाक मारायचा, त्यानं मान वर केली नाही. आता संशयाला जागाच उरली नव्हती.

पंधराव्या दिवशी मी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं आणि बेट्टदपुरची बस धरली.

शेताचा मालक साधा माणूस. त्याला स्वतःलाच इतकी धास्ती बसलेली, की तो माझ्याशी विहिरीकडे पाठ करून बोलत होता. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. तुम्ही दोघं विहिरीवर असताना तो तुमच्यासाठी कॉफी सांगायला घरी गेला होता. आला तेव्हा तू काठावर होतास, भिजलेला, आणि सिद्दप्पा तुझी पाठ चोळत होते. फुटव्हॉल्व्ह वर आला होता की नाही, मी विचारलं. आला होता, तो म्हणाला, आणि मान खाली घातली. मग त्याला आठवलं. तुमचं एक सामान राहिलंय, तो म्हणाला, आणि गोठ्यातून गुंडुकल्लु घेऊन आला.

दगडाची बारीक दोरी त्याला गुंडाळलेली होती. तुझ्या पद्धतीनं, आडवे वेढे आणि वर ती तुझी चपटी गाठ, जी मला कधी जमली नाही. घरून निघताना तू बांधलेली. ती सोडलेलीच नव्हती.

म्हणजे तू दगडाशिवाय उतरलास. आणि भरल्या छातीनं तू दगडाशिवाय उतरू शकत नाहीस, हे तूच मला खिडकीशी सांगितलंस.

तो दगड मांडीवर घेऊन मी म्हैसूरला परत आले. कंडक्टरनं विचारलं, मिक्सर घेतला नाही काय घरी? मी हसले, बहुतेक. बसस्टँडवरून घरी न जाता सरळ सिद्दप्पांकडे गेले. ते पायरीवर बसून सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी दगड त्यांच्यापुढे ठेवला. गाठ वरच्या बाजूला येईल असा.

त्यांनी ट्यूब पाण्यातच सोडली. हात पुसले. मग बोलले. ते कन्नडात बोलले, मी इथे मराठीत लिहिते. तू मराठी बोलायचास आणि वाचायचास कन्नड, त्यामुळे हे तसंही तुला वाचून दाखवावं लागलं असतं.

"पहिल्यांदा राव दगडाशिवाय उतरले," सिद्दप्पा म्हणाले. तुला ते राव म्हणायचे. "म्हणाले, आज पुट्टीचा प्राणी करून बघू. छाती रिकामी केली. नियम तो नियम, मीही केली. पण मला कुठलं सोसतंय? दोर चार हातही गेला नव्हता, मी ओढला. हसत वर आले. म्हणाले, सिद्दा, हे आपलं काम नव्हे."

"मग?"

"मग दुसऱ्यांदा नेहमीसारखे गेले. छाती भरून."

"दगड कुठे होता?"

"पाइप धरून उतरले."

तुला पाइप धरून उतरताना मी कधी पाहिलं नाही. पाइप हलला की वरचा जोड सुटतो, असं तू म्हणायचास. मी तसं बोलले नाही, पण ते सिद्दप्पांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. कारण मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि त्या वेळी मी उशीर केला, पुट्टम्मा. बिडी सोडून मला दीड वर्ष झालं. मुलीनं शपथ घातली होती. श्वास वाढलाय माझा. रावांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दोर दुसऱ्याच्या हातात दिला असता."

ट्यूबमधून अजून एकेक बुडबुडा येत होता. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.

त्यांना मी काय उत्तर दिलं असेल असं तुला वाटतं? तू मला ओळखतोस. मी म्हणाले, सिद्दप्पा, आत्ता एकदा छाती रिकामी करून धरून दाखवा.

हे क्रूर होतं. मला ते बोलतानाच कळलं. पण माझं डोकं दुसरीकडे चालत नव्हतं. रिकाम्या छातीनं त्यांना थोडा वेळही सोसत नसेल, तर चार हात दोराची गोष्ट खरी, मग तू माझ्या सीलमुळे गेला नाहीस. आणि सोसत असेल, तर त्यांनी ती मला वाचवायला रचली.

त्यांनी नाही म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघायचे तसंच, आणि हवा सोडली. मीही सोडली. दोर हातात नसला तरी रीत तीच होती.

मी त्यांच्या पोटाकडे बघत होते. बाराव्या वर्षासारखी. माझ्या कानांत घण पडायला लागले, गळ्यात काहीतरी वर-खाली व्हायला लागलं. झूलॉजीच्या जिन्यावर तिसऱ्या मजल्याला मला धाप लागते. मला वाटलं आता नाही, आणि तेवढ्यात सिद्दप्पांनी श्वास घेतला. माझ्या आधी. आणि गुदमरलेला माणूस घेतो तसा त्यांनी तो ओढला नाही. हळूच घेतला, खुर्चीवरून उठताना घेतात तसा.

मग मी घेतला, आणि तो मात्र ओढून घ्यावा लागला.

"बघितलंस," ते म्हणाले. "नाही सोसत."

ते खोटं बोलत होते, मामा. ते मला कळलं, आणि मला कळल्याचं त्यांना कळलं. त्यांच्या गोष्टीतलं नेमकं किती खोटं, हे मात्र मला आजही सांगता येत नाही. कदाचित तू एकदाच उतरलास, रिकाम्या छातीनं, आणि तो फुटव्हॉल्व्ह हाती लागेपर्यंत परत फिरला नाहीस. कदाचित पाइपची गोष्टही खरी असेल आणि बिडीचीही. कदाचित त्या दिवशी तू पंपावर नुसता बसलेला असतास तरी तुझं हृदय थांबलं असतं. सिद्दप्पांनी मला वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेतला, की तो त्यांच्या छातीवर आधीपासूनच होता आणि मी फक्त निमित्त झाले?

एवढं दिसलं, की आणखी एक प्रश्न विचारला असता तर ते उत्तर देत राहिले असते, आणि प्रत्येक उत्तरात स्वतःला आणखी खाली नेलं असतं. वर ओढायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"डॉक्टरनं हार्ट लिहिलंय, सिद्दप्पा," मी म्हणाले. "कागद आमच्या घरी आहे. मी वाचलाय."

ते म्हणाले, "हार्टच?"

"हार्टच."

त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. माझ्याही. ते आत गेले, स्टीलच्या लोट्यातून कॉफी घेऊन आले, आणि आम्ही ती पायरीवर बसून प्यायलो. दगड मध्ये होता. गाठ मी सोडली नाही, त्यांनीही नाही.

कॉफी संपल्यावर त्यांनी विचारलं, तो तुझा प्राणी कसा दिसतो. राव सारखे त्याच्याबद्दल बोलायचे. मी बोटानं पायरीवरच्या पाण्यात काढून दाखवला. डोकं, पोट, मागची दोन वल्ही. त्यांनी तो वाळेपर्यंत पाहिला.

"ह्याचा दोर कोण धरतं?" ते म्हणाले.

"कोणी नाही. एकटाच जातो."

"हौदा, असं होय," सिद्दप्पा म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "मग म्हणूनच त्याला तशी छाती दिली असणार."